स्वमग्नांचे गोत

इंग्रजीतील ‘ऑटिझम’ ह्या संज्ञेला मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. भाषांतर म्हणून तो चोख आहे, कारण मूळ ग्रीक ‘ऑटोस’ ह्याचा अर्थ ‘स्वतः’ असाच होतो. पण चोख भाषांतराबरोबर मूळ शब्दाचा दोषही आपल्याकडे चालत आला. हे नाव ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे स्वतःत बुडून गेलेला, कोणाच्या सहवासाची गरज नसलेला, किंबहुना सहवासाचा कंटाळा असलेला माणूस उभा राहतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास मात्र ह्याच्या अगदी उलट साक्ष देतो. ह्या काळात अशा माणसांनी पत्रे लिहून एकमेकांना हुडकून काढले, आपले वार्तापत्र चालविले, रानातील शिबिराची जागा ठरवून तेथे वर्षानुवर्षे मेळावे भरविले, आणि आपल्यासारख्यांना उद्देशून नात्यागोत्याचे शब्दसुद्धा घडविले. ह्यांतील पुष्कळांना आपण स्वमग्न आहोत हे वयाच्या तिशी-चाळिशीनंतर कळले होते. ती हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी छिन्नमनस्कतेवरील आपल्या १९११ च्या ग्रंथात हा शब्द वापरला. तो त्या रोगाचे एक लक्षण म्हणून होता, बालकांशी त्याचा संबंध नव्हता. पुढे मॉस्कोतील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा ह्यांनी १९२५ साली सहा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजच्या वर्णनाशी आश्चर्य वाटावे इतके जुळते. परंतु पश्चिमेत त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कीर्ती मिळाली ती अमेरिकेत बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्यांना. १९४३ साली त्यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर ह्यांचा निबंध निघाला. त्यातील मुले बोलकी होती, कित्येक विलक्षण बुद्धिमान होती. तथापि जर्मन भाषेतील तो निबंध महायुद्धाच्या धुमाळीत दडून राहिला.

ह्या घटनेचा परिणाम दूरवर पोचला. सुमारे चाळीस वर्षे स्वमग्नता म्हणजे कॅनर ह्यांनी वर्णिलेली, बहुधा अबोल अशी बालके, एवढाच अर्थ जगाने घेतला. जे मूल बोलू लागे, शाळेत जाई, गणितात पहिले येई आणि खेळाच्या मैदानावर एकटे उभे राही, त्याला हे नाव मिळत नसे. त्याला दुसरी नावे मिळत. घरचे त्याला हट्टी म्हणत, मास्तर उद्धट म्हणत, आणि मोठेपणी कचेरीतील मंडळी त्याला तऱ्हेवाईक म्हणत. आयांच्या वाट्याला तर ह्याहून वाईट आले. त्यांच्या मायेच्या थंडपणामुळेच मूल असे होते, हा निराधार सिद्धान्त ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञ पित्याने १९६४ सालीच त्या मताचे सप्रमाण खंडन केले होते. परंतु खंडनाला मताइतके वाचक मिळत नाहीत, हा अनुभव जुनाच आहे.

हे चित्र बदलले ते मुख्यतः लोर्ना विंग ह्या इंग्रज विदुषीमुळे. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या माता होत्या. लंडनच्या कँबरवेल भागात ज्युडिथ गूल्ड ह्यांच्यासह केलेल्या पाहणीतून त्यांच्या ध्यानी आले की, ही स्थिती कप्प्यात बंद करता येण्याजोगी नाही. तिच्या छटा आहेत, आणि कोठे संपते ते दाखविणारी रेघ काढता येत नाही. १९८१ साली त्यांनी आस्पेर्गर ह्यांचा विस्मृत निबंध इंग्रजी वाचकांच्या नजरेस आणला व ‘आस्पेर्गर सिंड्रोम’ हे नाव प्रचारात आणले. १९९४ साली अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत ते दाखल झाले. तोवर दोन-तीन पिढ्या बिननावाच्या वाढल्या होत्या. वैद्यकीय नियतकालिकांतून २०१५ साली त्यांना ‘हरवलेली पिढी’ असे म्हटले गेले, ते अगदी यथार्थ होते.

ह्या पिढीला निदान मिळण्याची एक वाट वारंवार आढळते, आणि तिच्यातला उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. मुलाला वा मुलीला घेऊन आईबाप तज्ज्ञाकडे जातात. तज्ज्ञ प्रश्न विचारू लागतो: आवाजाचा त्रास होतो काय, ठरलेला क्रम मोडला तर व्याकूळ होते काय, थट्टा समजते काय. उत्तरे देतादेता बापाच्या मनात येते की, हे सारे आपलेच वर्णन चालले आहे. मग मुलामागोमाग बापाचे, किंवा आईचे, निदान होते. वारसा सामान्यतः वरून खाली येतो. येथे त्याचा दाखला खालून वर जातो!

प्रौढ माणसाला अशा निदानाने काय मिळते, असा प्रश्न साहजिकच निघतो. स्वमग्नता घालविणारे औषध नाही. चाळीस वर्षे संसार आणि नोकरी रेटलेल्या माणसाला एक नाव सांगून काय साधले? आमच्या वाचकांपैकी बहुतेक सर्वजण बदलीच्या गावी राहिलेले आहेत, म्हणून त्यांना परिचित अशा एका गोष्टीच्या आधाराने हे समजून घेता येईल. परप्रांतात बाजारहाट, कचेरी, शेजार ह्यांत दिवसभर दुसऱ्याची भाषा बोलावी लागते. ती चांगली येत असली तरी तिचा एक शीण असतो, आणि संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात कोणी ‘काय, कसं काय?’ म्हणाले की तो शीण एकाएकी जाणवतो, कारण तो उतरू लागलेला असतो. आता अशी कल्पना करावी की, एखाद्याला आपली मातृभाषा वेगळी आहे हेच ठाऊक नाही. आजूबाजूला जी बोलली जाते तीच आपली, आणि ती आपल्याला कायम चुकीची येते, असे तो जन्मभर मानीत आला आहे. लोक हसतात, तो पाठांतर वाढवितो. दुसऱ्यांचे हातवारे, हसण्याची वेळ, नजर कोठे ठेवावी, सारे घोकून ठेवतो. अशा माणसाला चाळिशीत कोणी सांगितले की, तुझी भाषा मुळातच निराळी आहे आणि ती बोलणारे इतरही आहेत, तर ते इतर कोठे भेटतील हा त्याचा पहिला प्रश्न असणार.

ह्या उपमेलाही मर्यादा आहेत, हे आम्ही जाणून आहो. बदलीवरच्या माणसाला गाव असते, आणि सेवानिवृत्तीनंतर परतण्याची तारीख असते. स्वमग्न प्रौढांना परत जाण्यासारखे गाव नव्हते. ते त्यांना नव्याने वसवावे लागले.

ज्याला असे गाव आयतेच लाभले अशा एका माणसाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कॅनर ह्यांच्या अकरा बालकांपैकी पहिले बालक डॉनल्ड ट्रिप्लेट, जन्म १९३३, हे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचे. १९४२ साली आईबापांनी त्यांना जवळच्याच एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. डॉनल्डना मोजण्यामापण्याचा अनिवार नाद होता. त्या शहाण्या शेतकऱ्याने नाद मोडण्याच्या भानगडीत न पडता त्यांना विहिरीची खोली मोजावयास लाविले, आणि मक्याच्या ओळी मोजावयाच्या तर नांगर धरून मोज म्हणून सांगितले. कॅनर तेथे भेटीस गेले तेव्हा मुलगा सरळ ओळीत नांगरट करीत होता. पुढे डॉनल्ड पदवीधर झाले, गावच्या बँकेत नोकरीला राहिले, गोल्फ खेळले, एकटे देशोदेशी फिरून आले, आणि २०२३ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. घराणे सधन होते, बँक त्यांच्याच कुटुंबाची होती, हे विसरून चालणार नाही. तरीही १९७१ साली कॅनर ह्यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला तेव्हा सरकारी संस्थांत कोंडलेल्यांची कळा गेलेली त्यांना आढळली, आणि ज्यांना माणसांत जागा मिळाली होती तेच तगले होते. त्या नांगराच्या युक्तीला आम्ही पुष्कळशा उपचारग्रंथांपेक्षा अधिक मान देऊ.

अशी जागा ज्यांना मिळाली नाही ते एकमेकांना कसे भेटले? आरंभी त्यांची गाठ पालकांच्या परिषदांतून पडे. ब्रिटनमध्ये १९६२ साली व अमेरिकेत १९६५ साली पालकांनी संस्था स्थापिल्या होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या परिषदांना काही स्वमग्न प्रौढही येऊ लागले. त्यापूर्वी १९८६ साली टेंपल ग्रँडिन ह्यांचे आत्मकथन निघाले होते, आणि स्वमग्न व्यक्ती स्वतःविषयी पुस्तक लिहू शकते ह्याचेच तेव्हा लोकांना नवल वाटले होते. परिषदांत ह्या प्रौढांचे स्वागत होई, पण ते प्रदर्शनातील वस्तूसारखे. झगझगीत दिवे, गर्दी, गोंगाट, त्यात अपरिचित माणसांचे खाजगी प्रश्न. शिवाय ज्या व्याख्यानांना बसावयाचे त्यांचा विषय एकच: आपल्यासारखे मूल घरात असणे हे केवढे संकट!

अशा परिषदांत येणाऱ्यांपैकी एक जिम सिंक्लेर. १९९२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या लेखिका डॉना विल्यम्स आपल्या पहिल्या पुस्तकाच्या निमित्ताने अमेरिकेत आल्या. प्रौढ वयात निदान झालेल्या ह्या बाईंचे ते आत्मचरित्र त्या वर्षी फार गाजले. त्यांची, सिंक्लेर ह्यांची व कॅथी लिस्नर ह्या तिसऱ्या स्वमग्न स्त्रीची भेट सेंट लुइस शहरात कॅथी ह्यांच्या घरी झाली. तिघे दोन-तीन दिवस एकत्र राहिली. तेथे ना व्याख्यान होते ना अध्यक्ष. परंतु आपल्याच जातीच्या माणसांत, कोणाला काही समजावून न सांगता वावरण्याचा तो अनुभव तिघांनाही इतका नवा होता की, त्यातूनच त्याच वर्षी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली. स्वमग्नांनी स्वतः चालविलेल्या पहिल्या संस्थांत तिची गणना होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिच्या वार्तापत्राचा पहिला अंक निघाला. त्याचे नाव होते ‘आमचा आवाज’ ह्या अर्थाचे. परप्रांतात नियतकालिक चालविण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना त्यामागची मेहनत आणि पोस्टेजची काळजी वेगळी सांगावयास नको.

१९९३ साली टोरोंटो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत सिंक्लेर ह्यांनी पालकांना उद्देशून जे भाषण केले, ते ह्या इतिहासातील एक मोठा टप्पा होय. त्याचा आशय असा. तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आले नाही, त्याचे दुःख खरे आहे, ते अवश्य करा. पण ते दुःख त्या न आलेल्या मुलाचे आहे. जे आले आहे ते जिवंत आहे, तुमच्यापुढे आहे आणि तुमची वाट पाहते आहे. त्याच्यासाठी शोक करू नका. पालकांना हे बोलणे झोंबले. आमच्या मते दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. रात्ररात्र न झोपणाऱ्या, न बोलणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाची आई जर म्हणाली की, व्यासपीठावरून बोलू शकणाऱ्याने माझ्या मुलाच्या वतीने बोलू नये, तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु ज्याच्याविषयी शोक चालला आहे तोच मोठा होऊन सभेत उभा राहतो आणि शोक थांबवा म्हणतो, ह्या प्रसंगाला उत्तर त्या सभेपाशी नव्हते.

१९९६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डेग्वा गावाजवळच्या एका शिबिरस्थळी संस्थेने आपला पहिला मेळावा भरविला. त्याला नाव दिले ‘ऑट्रीट’. त्याचे नियम पाहिले म्हणजे ह्या माणसांना एकान्त हवा होता की सोबत, ह्या प्रश्नाचा निकाल लागतो. अत्तर लावून येऊ नये. झगमगाटाने छायाचित्र घेऊ नये. कोणत्याही कार्यक्रमाला बसण्याची सक्ती नाही, आणि न बसणाऱ्याला कारण विचारावयाचे नाही. ह्याशिवाय एक बिल्ला असे, एका बाजूस लाल, दुसऱ्या बाजूस पिवळा. लाल बाजू पुढे असेल तर त्या माणसाशी कोणी आपण होऊन बोलावयाचे नाही. पिवळी असेल तर आधीच्या ओळखीच्यांनीच बोलावे. पुढे इतर मेळाव्यांतून हिरवा रंगही आला: मला बोलावयाचे आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. आपल्या संमेलनांतून मांडवाच्या कडेला, हातात चहाचा पेला घेऊन, कोणाशी कसे बोलावे ह्या विवंचनेत उभी असलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी कोणी असा हिरवा बिल्ला शिवला असता तर किती बरे झाले असते!

ह्याच मंडळींनी आणखी एक शब्द रूढ केला, आणि तो आम्हांला सर्वांत गोड वाटतो. ज्यांचे निदान स्वमग्नतेचे नाही, पण दुसऱ्या एखाद्या मेंदूच्या वेगळेपणामुळे ज्यांचा स्वभाव व अनुभव जुळतो, अशांना ते ‘चुलतभावंडे’ म्हणू लागले. निदानाच्या कागदाने दार बंद करावे, तर ह्यांनी नात्याने उघडले. स्वतःत मग्न म्हणविणाऱ्या लोकांनी समाज बनताच प्रथम काय केले, तर चुलत्यांकडच्या मंडळींना आवतण धाडले.

ऑट्रीट २०१३ पर्यंत भरत असे. तोवर ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘ऑटस्केप’ नावाचा तसाच मेळावा सुरू झाला होता, आणि संगणकावरील पत्रव्यवहाराने देशोदेशींची माणसे जोडली गेली होती. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मेंदूंचे नैसर्गिक वैविध्य, ही कल्पना त्याच पत्रव्यवहारातून नव्वदच्या दशकात उगवली. ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर ह्यांच्या १९९८ च्या प्रबंधामुळे ती पुष्कळ वर्षे एकट्या त्यांच्या नावावर जमा होती. ती अनेकांच्या बोलण्यातून घडली असे अलीकडे अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणी आणि ओव्या ज्यांच्या भाषेत आहेत त्यांना ह्यात अचंबा वाटू नये.

एक कडवट प्रकरणही ह्या इतिहासात आहे. निदान झालेल्या शेकडो माणसांनी आस्पेर्गर ह्यांच्या नावावरून स्वतःला प्रेमाने ‘आस्पी’ म्हणवून घेतले होते. २०१३ साली अमेरिकेच्या सूचीतून ते वेगळे निदान काढून एकाच व्यापक नावात मिळविण्यात आले, तेव्हा कित्येकांना आपले आडनाव पुसले गेल्यासारखे वाटले. मग २०१८ साली हेर्विग चेक ह्या व्हिएन्नाच्या इतिहासकाराने जुनी दप्तरे उलगडून दाखविले की, नात्सी राजवटीत ह्याच आस्पेर्गर ह्यांनी काही बालकांना ‘अम श्पीगेलग्रुंड’ ह्या संस्थेत धाडण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत ७८९ बालके मारली गेली वा मेली. आपल्याला ओळख देणारे नाव अशा हातचे निघाले, हे कळल्यावर कोणी ते टाकले, कोणी जड मनाने ठेवले. आम्ही त्यांत निवाडा करणार नाही.

ह्या सर्व हकीकतीला शास्त्राचा काही आधार आहे काय? डेमियन मिल्टन ह्या इंग्रज समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली असे मांडले की, स्वमग्न माणूस इतरांना समजत नाही आणि इतर त्याला समजत नाहीत, ही अडचण दुहेरी आहे. दोष एकाच्याच पदरी घालणे न्याय्य नाही. मिल्टन ह्यांचे स्वतःचे निदान मुलाच्या निदानानंतर झाले. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. एक गोष्ट आठ-आठ माणसांच्या साखळ्यांतून पुढे सांगविली. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. मिश्र साखळीत मात्र गळती झाली. पुढे अधिक मोठ्या संख्येवर केलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिश्र साखळीतील ती गळती आढळली नाही. म्हणजे ह्या बाबतीत शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. पण स्वमग्नांना संवाद साधताच येत नाही, हा जुना शब्द ह्या दोन्ही प्रयोगांनी खोटा ठरविला.

आता आपल्या देशाकडे वळू. येथेही आरंभ पालकांनीच केला. दिल्लीत १९९१ साली मेरी बारुआ ह्या मातेने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत त्याची गणना झाली. त्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने शासकीय पदांतील जो चार टक्के राखीव भाग ठरविला आहे, त्यातील एका टक्क्यात स्वमग्न व्यक्ती इतर काही गटांबरोबर येतात. आमच्या वाचकांतील कित्येकांच्या मेजावरून ही कलमे गेली असतील.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने २०१६ साली जे भारतीय मापन विहित केले, ते सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केलेले असून त्यात चाळीस बाबी आहेत. मुळात ते मुलांचे निरीक्षण करून व पालकांना विचारून भरावयाचे मापन. कमावता, बोलता, पन्नाशीचा माणूस त्याच्यापुढे बसतो तेव्हा मोठी पंचाईत होते. स्वमग्नता बालपणापासून असावी लागते, म्हणून कोणत्याही निदानात लहानपणची चौकशी येतेच. पहिला शब्द कधी बोललात? बोट दाखवून वस्तू मागत होता काय? इतर मुलांत खेळत होता की खेळणी ओळीत मांडीत होता? ह्या प्रश्नांची उत्तरे जिला तोंडपाठ असत, ती आई पुष्कळदा हयात नसते. मग ट्रंकेतून जुनी प्रगतिपुस्तके निघतात, शेरे वाचले जातात, आणि गावाकडच्या आत्याला, मावशीला पत्रे जातात की, मी लहानपणी कसा होतो ते आठवत असेल तेवढे लिहून कळवावे.